कयाकच्या आधी काय घ्यावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळी सरली, कोकणातल्या खाड्या निवळल्या की या सदराकडे कयाकविषयीची, म्हणजे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होडीविषयीची पत्रे येऊ लागतात. बहुतेकांनी पहिला प्रश्न होडीचाच विचारला आहे. आम्ही मात्र लाइफ जॅकेटचा प्रश्न वर घेतला आहे, कारण कयाक उलटली की ती वाऱ्याबरोबर हातची जाऊ शकते आणि त्या क्षणी जे अंगावर बांधलेले असेल तेवढेच आपले उरते. खरेदीचा क्रमही त्यावरूनच ठरवावा, असे आमचे मत आहे.

प्रश्न : खाडीकाठी आमचे निवास-न्याहारीचे घर आहे. पाहुण्यांसाठी चार कयाक घेत आहोत. जुनी नारिंगी लाइफ जॅकेटे घरात पडून आहेत, ती चालतील का? शिवाय ‘उकडते’ आणि ‘आम्हाला पोहता येते’ असे म्हणून पाहुणे ती काढून ठेवतात. त्यांना काय सांगावे? (मालवण तालुक्यातील वाचक)

जुनी जॅकेटे चालतील की नाही हे घरच्या घरी तपासता येते. प्रत्येक जॅकेट चिमटीत दाबून पाहावे. आतला फोम दबून पुन्हा वर आला पाहिजे. तो कडक झाला असेल, त्याचा चुरा हाताला लागत असेल किंवा दाबलेला खळगा तसाच राहत असेल, तर ते जॅकेट बाद समजावे. मग पट्टे आणि बकले जोर लावून ओढावीत, कारण खाऱ्या हवेत शिवण आधी सुटते. शेवटी आतल्या लेबलवर उचलशक्तीचा आकडा शोधावा. हा आकडा न्यूटनमध्ये असतो आणि ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलो वजन पाण्यात तोलून धरण्याची ताकद. ५० न्यूटनच्या जॅकेटला ५ किलोचे लोखंडी वजन बांधून ते विहिरीत सोडावे आणि तासभर तसेच ठेवावे. चांगले जॅकेट ते वजन घेऊन तरंगत राहते. जे हळूहळू खाली जाऊ लागते, त्याच्या फोममध्ये पाणी शिरते आहे. अशी जॅकेटे कोणाला देऊन टाकू नयेत, फाडूनच टाकावीत, नाहीतर पुढच्या हंगामात तीच दुसऱ्या कोणाच्या अंगावर दिसतील.

नवी घेताना दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. ५० न्यूटनचे जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठी, शांत पाण्यासाठी आणि मदत जवळ असेल अशा जागेसाठी असते. त्यात हात मोकळे राहतात, त्यामुळे वल्हवणाऱ्यांना ते सोयीचे पडते. पण बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची हमी ते देत नाही. १०० न्यूटनच्या जॅकेटला मानेमागे आधार असतो आणि शांत पाण्यात ते माणसाला उताणे करू शकते. ते जाडजूड असते, काखेत घासते आणि उकाडाही जास्त होतो. तरीही तुमच्या पाहुण्यांपैकी किती जणांना खरोखर पोहता येते हे तुम्हाला ठाऊक नसल्यामुळे तुम्ही १०० न्यूटनचीच, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या जहाजे व त्यांचे साहित्य तपासणाऱ्या संस्थेच्या मान्यतेचा शिक्का असलेली जॅकेटे ठेवावीत आणि ती निदान तीन मापांत असावीत. एकाच मापाची डझनभर जॅकेटे स्वस्तात मिळतात खरी, पण सडपातळ माणसाच्या अंगावर मोठे जॅकेट पाण्यात गळ्यापाशी चढते आणि नाकातोंडाला दाबते. सर्व पट्टे आवळून झाल्यावर दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढावे. ते कानांपर्यंत सरकले तर माप चुकले आहे. हे तपासण्याचे काम पाहुण्यांवर सोपवू नये, काठावर उभ्या असलेल्या तुमच्या माणसाने ते स्वतःच्या हातांनी करावे.

‘पोहता येते’ या म्हणण्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तलावात वीस फेऱ्या मारणाऱ्यालाही डोक्याला वल्हे लागल्यावर किंवा ओहोटीच्या ओढीत दमछाक झाल्यावर पोहणे सुचत नाही, आणि पाण्यात पडल्यावर जॅकेट अंगात घालून पट्टे लावणे जवळजवळ अशक्य असते. जॅकेट नसेल तर वल्हे मिळणार नाही, असा नियम फलकावर लिहून टाकावा. जॅकेट बैठकीखाली उशी म्हणून घेऊ देऊ नये, कारण त्याने फोम चेपतो. संध्याकाळी ते गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि पडवीत उंदरांच्या वाटेपासून दूर टांगावे. ही शेवटची सूचना पुस्तकी नाही, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आम्ही दोघे पुण्यात सदनिकेत राहतो. सुटीच्या दिवशी धरणाच्या जलाशयात आणि वर्षातून काही वेळा कोकणात कयाक चालवावी, अशी इच्छा आहे. वर बसायची घ्यावी, आत बसायची घ्यावी की हवा भरायची? (पुणे)

नवशिक्यांनी वर बसायची कयाक घ्यावी. तिचे अंग सर्व बाजूंनी बंद व पोकळ असते आणि बैठकीत आलेले पाणी तळाच्या आरपार भोकांतून आपोआप निघून जाते. ती उलटली तर तळाकडून हात टाकून पलीकडची कड ओढायची, होडी सुलटी करायची, मग पाय मारत पोटावर चढायचे, वळायचे आणि बसायचे. एका सकाळीत हे शिकता येते. आत बसायच्या कयाकचे तसे नसते. तिच्या पुढच्या-मागच्या भागांत जलरोधक आडभिंती नसतील तर उलटल्यावर तिच्यात शंभर लिटरहून अधिक पाणी सहज भरते, आणि शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, जे दोन दमलेली माणसे पाण्यात तरंगत असताना उपसू शकत नाहीत. अशी कयाक घ्यायची तर दोन्ही टोकांना आडभिंत किंवा हवेच्या पिशव्या, हातपंप आणि पुन्हा आत चढण्यासाठी वल्ह्याला लावायचा तरंगता फुगा हे सारे बरोबर घ्यावे लागते. कमरेभोवती बांधून बैठकीचे तोंड झाकणारा पाणीरोधक झगा (स्प्रे स्कर्ट) तर उलट्या होडीतून सुटून बाहेर येण्याचा सराव झाल्याशिवाय लावूच नये.

सदनिकेत राहणाऱ्यांची खरी अडचण ठेवण्याची असते. एका माणसाची कडक प्लॅस्टिकची कयाक ९ ते १२ फूट लांब आणि २० ते २५ किलो वजनाची. ती लिफ्टमध्ये मावत नाही आणि गाडीच्या टपावर चढवायला दोन माणसे लागतात. त्यामुळे तुमच्यासाठी हवा भरायची कयाक हाच व्यवहार्य पर्याय दिसतो, मात्र तो खेळण्याच्या दुकानातला नसावा. तिच्यात हवेचे किमान तीन स्वतंत्र कप्पे असावेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे काठापर्यंत आणतील. तळाशी सरळ जाण्यासाठीची पाती असावी आणि भारक्षमतेचा आकडा तुमच्या दोघांच्या सामानासह वजनापेक्षा बराच अधिक असावा. हवा दाबमापकाने, कंपनीने सांगितली असेल तेवढीच भरावी, आणि दुपारी होडी काठावर उन्हात ठेवायची झाल्यास थोडी सोडावी, कारण तापलेली हवा शिवण फाडते.

हलक्या होडीचा मोठा शत्रू वारा आहे. जलाशयावर सकाळी आरशासारखे दिसणारे पाणी दुपारी वाऱ्याने खवळते आणि हवेची होडी त्यावर पानासारखी ढकलली जाते. म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि परतताना तो पाठीशी घ्यावा. पवना, मुळशी किंवा पानशेत यांपैकी कोठेही जायचे असो, धरण ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची (पवना व पानशेतला जलसंपदा विभागाची, मुळशीला टाटा पॉवर कंपनीची) परवानगी आहे का, हे आधी विचारावे. या जलाशयांचे काठ एकदम खोल होतात आणि पाण्याखाली जुनी झाडे व बांधकामे असतात. कोकणात हवेच्या होडीला आणखी एक धोका आहे. ओहोटीला खाडीतले खडक उघडे पडतात आणि त्यांवर कालवांचा थर असतो. त्या कालवांची धार ब्लेडसारखी असते. होडीचा तळ तीवर घासला की चिरतो आणि अनवाणी उतरलेल्या पायाचेही तसेच होते. म्हणून टाचेला घट्ट बसणारे, जाड तळव्याचे बूट हे आवश्यक साहित्यच समजावे. चप्पल चिखलात रुतून राहते.

प्रश्न : वल्ह्याची लांबी कशी ठरवावी? आणि वल्हे दोरीने होडीला बांधावे का? (कोल्हापूर)

लांबी उंचीवर आणि होडीच्या रुंदीवर ठरते. २८ ते ३२ इंच रुंदीच्या साध्या कयाकसाठी मध्यम उंचीच्या माणसाला २३० सेंटिमीटर, उंच माणसाला २४० सेंटिमीटर ठीक पडते. अरुंद होडीला २१० ते २२० पुरते. आखूड वल्ह्याने बोटांचे पेर होडीच्या कडेवर आपटत राहतात. पैसे थोडे जास्त असतील तर होडीऐवजी वल्ह्यावर खर्च करावेत, कारण तासाभरात तेच हजारो वेळा उचलायचे असते. शांत खाडीत किंवा जलाशयात वल्हे आखूड दोरीने होडीला बांधणे योग्यच आहे. वाहत्या नदीत मात्र ती दोरी काढून टाकावी. कोलाडला कुंडलिकेसारख्या, धरणातून पाणी सोडल्यावर धावणाऱ्या नदीत अंगाभोवती किंवा फांदीत अडकू शकणारी कोणतीही सैल दोरी घातक असते. तिथे हनुवटीखाली पट्टा असलेले हेल्मेट, पिशवीत भरलेली १५ ते २० मीटर लांबीची तरंगती फेकदोरी आणि जॅकेटवर खोचलेला बोथट टोकाचा सुरा या तीन गोष्टी जास्तीच्या लागतात. फेकदोरी काठावर चार वेळा फेकून पाहिल्याशिवाय ती असून नसल्यासारखी. आणि पाण्यात पडल्यावर प्रवाहात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, पाऊल दगडांच्या फटीत अडकते; पाय पुढे करून उताणे वाहावे.

प्रश्न : मी टोरांटोला राहतो. मे महिन्यात इथे छान ऊन पडते तेव्हा लेक ओंटारिओवर कयाक न्यावी का? पुण्यात वापरलेले साहित्य पुरेल का? (टोरांटो)

जॅकेट कॅनडाच्या मान्यतेचे असेल तरच चालेल, आणि कपडे तर पुरणारच नाहीत. मे महिन्यात हवा २० अंशांच्या वर असली तरी उघड्या सरोवराचे पाणी १० अंशांच्या खाली असते, आणि अशा पाण्यात पडलेला माणूस गारठण्याच्या कितीतरी आधी श्वासाचा ताबा सुटल्याने बुडतो. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीस्ब्रेख्त यांनी रूढ केलेला १-१०-१ हा ठोकताळा इथे पाठ असावा: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातापायांनी उपयोगाचे काही करता येईल अशी दहा मिनिटे, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. पहिल्या मिनिटात तोंड पाण्याबाहेर ठेवण्याचे काम जॅकेट करते. पुढची दहा मिनिटे वाढवण्याचे काम वेटसूट (भिजला तरी ऊब धरणारा रबरी पोशाख) किंवा ड्रायसूट (पाणी आत न शिरू देणारा पोशाख) करतो. तेव्हा पोशाख पाण्याचे तापमान पाहून निवडावा. ऐन उन्हाळ्यातही वारा उत्तर किनाऱ्याकडून आत वाहू लागला की तळाचे थंड पाणी वर येते आणि दिवसाभरात पारा कितीतरी अंशांनी उतरतो. सुरुवात टोरांटो बेटांमधल्या आडोशाच्या पाण्यात करावी. कॅनडाच्या नियमांनुसार माणशी जॅकेट, आवाज देणारे साधन, किमान १५ मीटरची तरंगती दोरी आणि पाणी उपसण्याचे भांडे किंवा पंप यांची तरतूद करावी लागते. सर्वांनी जॅकेट अंगात घातले असेल तर यांतल्या काही गोष्टींतून काही वेळा सवलत मिळते. भाड्याने घेताना तिथल्या माणसाकडून ती समजून घ्यावी.

प्रश्न : खाडीत मदत मागायची वेळ आली तर मोबाइल पुरेसा आहे का? (रत्नागिरी)

मोबाइल घ्यावा, पण त्याच्यावर विसंबू नये. पाणबंद, तरंगत्या पाकिटात घालून तो जॅकेटच्या खिशात ठेवावा. होडीच्या कप्प्यातला मोबाइल उलटलेल्या होडीबरोबर निघून जातो. पडद्यावर खारे पाणी असेल तर बोट उमटत नाही, म्हणून तातडीचा क्रमांक बटणाने लागेल अशी सोय आधीच करावी. ११२ सर्वांना माहीत असतो. समुद्रावरच्या मदतीसाठी भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही साठवावा. शिटी मात्र गळ्यात न घालता जॅकेटला बांधावी, आत गोळी नसलेली घ्यावी, आणि ओळीने तीन वेळा वाजवली की मदत हवी असे समजले जाते. संध्याकाळ होण्याची जरा जरी शक्यता असेल तर पाणबंद विजेरी हवीच, कारण अंधारात मासेमारीच्या यांत्रिक होडीवरून कयाक दिसत नाही.

मदत मागण्याची वेळ बहुधा ओहोटीने येते. खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ वल्हवणाऱ्यापेक्षा जोराची असते आणि समोरून येणाऱ्या लाटांशी तिची गाठ पडली की तिथे उंच, उभ्या लाटा उठतात. कोकणात तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती असते, हा जुना हिशेब अजूनही कामाला येतो: दशमीला साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, त्या दिवसांत नवख्याने मुखाकडे फिरकूच नये. हा अंदाज झाला. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी आणि लाटांचा इशारा समुद्राच्या स्थितीचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या अंदाजात. भरतीबरोबर खाडीत आत जावे आणि ओहोटी नुकतीच लागलेली असताना परत यावे, म्हणजे दोन्ही वेळा पाणी आपल्या बाजूचे. दुपारचा खारा वारा सुटण्याआधी काठाला लागावे, आणि आपण कोठून निघालो, कधी परतणार, हे बंदरावरच्या एखाद्या नाखव्याला सांगून जावे.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलीला मोठ्यांचे लहान मापाचे जॅकेट चालेल का? (ठाणे)

नाही. मुलांचे जॅकेट वयावरून घेत नाहीत, किलोवरून घेतात, आणि लेबलवर लिहिलेल्या पट्ट्यात मुलीचे वजन बसले पाहिजे. दोन पायांमधून जाणारा पट्टा, डोक्यामागे फोमची कॉलर आणि पाठीवर उचलायला मूठ या तीन गोष्टी नसतील तर ते घेऊ नये. मुलांचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे पट्ट्याविना जॅकेट वर सरकून चेहरा पाण्यात जाऊ शकतो. घेतल्यावर आधी पोहण्याच्या तलावात तुम्ही शेजारी असताना तिला त्यात तरंगू द्यावे, म्हणजे ती खाडीत घाबरणार नाही. होडीत तिला तुमच्या पुढे बसवावे, आणि कोणी कितीही सुचवले तरी तिला बैठकीला किंवा होडीला दोरीने बांधू नये.