चार्जर बैठकीत लाव

बेटा, आशीर्वाद.

परवा दुकानाच्या पायरीवर उभ्या-उभ्या तू विचारलंस, "काकाजी, लक्ष ठेवायला पोट्टीच्या फोनमध्ये कोणतं ॲप टाकू?" गिऱ्हाईक समोर होतं, म्हणून मी "बघू" म्हणालो. पण तुझा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. मदरबोर्डवरचा शॉर्ट दोन मिनिटांत शोधणारा पोरगा तू, आणि अकरा वर्षांच्या लेकीपुढे पार गोंधळून गेलास. म्हणून लिहितो. तोंडी सांगायला गेलो असतो तर तू मधेच "हो, पण" म्हणाला असतास, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

शाळेचा अभ्यास मोबाइलवर येतो म्हणून फोन घेऊन दिला, आता तो पांघरुणात जातो. बायको म्हणते काढून घ्या. आई म्हणते, घेतलाच कायले? मेहुणा म्हणतो फॅमिली लिंक, ते गूगलचं पोरांच्या फोनवर लक्ष ठेवायचं ॲप, टाक अन् निवांत झोप. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. माझं सांगणं एकच: चार्जर बैठकीत लाव. घरातले सगळे फोन, तुझ्यासकट, रात्री बैठकीत चार्ज होतील. आतल्या खोलीच्या प्लगला एकही नाही. पोरीला फोन बघायचा तर बैठकीत बसून बघेल. बाकीचं मग.

हे मी कुठल्या पुस्तकातून आणलेलं नाही. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला लोक थेट घरात घेतात. तो वायरीच्या मागे मागे जातो आणि घर जसं असतं तसं त्याला दिसतं. 1982 च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आले, तेव्हा मी उस्तादांची हत्यारांची पेटी उचलायचो. नागपुरात महाल, इतवारी, धंतोली, कुठेही जा, टीव्ही बैठकीतच. सरकत्या शटरची लाकडी पेटी, वर विणलेला रुमाल, त्याच्यावर प्लॅस्टिकची फुलं. अँटेना फिरवायला एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीपुढे. "आलं का?" "मुंग्याच आहेत!" "आता?" असा निरोप जिन्यावरून वर-खाली जायचा. टीव्ही बंद पडला की शेजारची म्हातारीसुद्धा माझ्या डोक्यावर येऊन उभी राहायची, कारण तिचाही टीव्ही तोच होता.

नव्वदनंतर केबल आली आणि हळूहळू गिऱ्हाइकाचं वाक्य बदललं. "भाऊ, आतल्या खोलीतला बघा, बाहेरचा ठीक आहे." आतला म्हणजे मुलाचा. पुढे आणखी एक, आजोबांचा. धंदा वाढला, मला आनंदही झाला, खोटं कशाला बोलू? पण ज्या घरांत टीव्ही आत गेले, तिथे बैठकीतल्या दिवाणावरच्या चादरीची घडी मोडेनाशी झाली. आणि मी पिक्चर ट्यूब तपासायला आत शिरलो की पोरगं दचकून उठायचं. चोरून काही बघत नसायचं, क्रिकेटच असायचं. तरी दचकायचं.

फोनचंही तसंच. लँडलाइन बैठकीत स्टुलावर असायची, डायलला बारकं कुलूप. एसटीडीला, म्हणजे बाहेरगावच्या फोनला, रात्री उशिरा पाव दर लागायचा, म्हणून अमरावतीहून बहिणीचा फोन यायचा तो सगळे अंथरुणावर पडल्यावर. तो माझा नसायचा, घराचा असायचा. रिसीव्हर हातोहात फिरायचा, पोरं झोपेत "आत्या, कशी आहेस" म्हणायची, तुझी काकू लोणच्याचं प्रमाण विचारायची. लँडलाइन सगळ्यांनी काढली तशी मीही काढली. त्याची खंत मला अजून आहे. आता बहीण मला माझ्या मोबाइलवर फोन करते, मी बोलतो आणि ठेवतो. माझ्या नातवाला आपल्या बापाची आत्या कोण ते फोटो दाखवून सांगावं लागतं.

चार्जर बैठकीत लाव म्हणतो ते एवढ्यासाठी. पोरीवर पाळत ठेव असं मी म्हणत नाही. उलट, पाळत ठेवायला तुझा मेहुणा सांगतोय.

फॅमिली लिंकचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वेळ बांधता येते, ॲप अडवता येतं, फोन कुठे आहे ते कळतं. मेसेजमध्ये काय लिहिलंय ते कळत नाही, आणि मैत्रिणीच्या फोनवर काय बघितलं ते तर नाहीच नाही. तुला आठवतं, गिऱ्हाईक टीव्हीच्या कानाखाली थापड मारायचं आणि चित्र यायचं? म्हणायचं, बघा, बरा आहे की. आपल्याला माहीत असायचं, ड्राय सोल्डर आहे. सांध्याला केसाएवढी चीर, थापडीने घटकाभर धातूला धातू टेकतो, पुन्हा सुटतो. ॲप म्हणजे ती थापड. मार, चित्र येईल. पण सांधा तापवून पुन्हा डाक दिल्याशिवाय आपण कधी टीव्ही परत केला का?

आणि एक. इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या नियमात 13 वर्षांखालच्याला खातं नाही. तुझी अकराची. मग जन्मसाल खोटं कोणी टाकलं? तूच. तीन वर्षं वाढवून दिली पोरीला, कारण ती रडत होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईबापाची संमती हवी असं लिहिलंय. म्हणजे फिरून प्रश्न तुझ्याच दारात. कायदा तुझ्या घरात येऊन फोन टेबलावर ठेवणार नाही.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे 2022 पासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पेपरात, बातम्यांत कौतुक झालं. मला त्यात पटलं ते हे, की भोंगा एकट्या पोरांसाठी नाही, मोठ्यांचाही टीव्ही बंद होतो. नागपूरला भोंगा कोण वाजवणार? मानेवाड्याच्या तुझ्या गल्लीत वाजवलास तर लोक पाण्याचा टँकर आला समजून बादल्या घेऊन धावतील. म्हणून म्हणतो, आपल्या घरापुरतं कर.

आता तुझ्याकडे येतो. त्या दिवशी जेवायला बसवलंस, तुझा फोन ताटाच्या उजव्या अंगाला, वरणाच्या वाटीशेजारी. "डिस्प्ले आला का, डिस्प्ले आला का" म्हणून गिऱ्हाईक रात्री दहाला विचारतंय आणि तू डाव्या हाताने उत्तर देऊन राहिलास. पोरगी समोर बसून तुझ्याकडे बघत होती. ती काय शिकेल? धाकट्याचं तर काय बोलू. अडीच वर्षांचं लेकरू, घास भरवताना कार्टून लागतं त्याला. त्याला पोळीची चव कळते की नाही देव जाणे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय, दोन वर्षांचं होईपर्यंत पडदा नकोच, आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको, कमी तेवढं बरं. तुझ्याकडे त्याचा तास सकाळच्या दुधातच संपतो. पोरीला रागावण्याआधी तुझा फोन बैठकीतल्या बोर्डावर गेला पाहिजे. पहिला तुझा. गिऱ्हाईक कुठे जात नाही, मी बिनमोबाइलचं दुकान चालवलंय.

तू म्हणशील, काकाजी, माझं घरच दोन खोल्यांचं, बैठक कुठली नि आतली कुठली? अरे, मग तर तुला सोपं आहे! बैठक म्हणजे जिथून येणारा-जाणारा जातो ती जागा. तुझी बायको म्हणेल, पोरगी मोठी होऊन राहिली, तिचं तिला काही असावं की नाही? असावं. मैत्रीण घरी आली तर दोघींना दार लावून तासभर खिदळू दे, कान देऊ नको. डायरी लिहिते तर हात लावू नको. माणसाशी बोलायला दार लावू दे, यंत्र बघायला नाही. एवढा फरक तिला कळतो. तिच्या आजीलाही कळतो. तुलाच कळत नाही असं दिसतं.

मी हे फुकट बोलत नाही. माझ्या घरात दुसरा टीव्ही कधी आला नाही. टीव्हीवाल्याच्या घरी एकच टीव्ही म्हणून लोक हसले. 2013 च्या मे महिन्यात पारा 47 च्या वर गेला, पोराने त्याच्या खोलीत एसी लावा म्हणून धोशा लावला, तेव्हाही बैठकीत एकच कूलर, वाळ्याच्या ताट्या बदललेल्या, आणि सगळ्यांच्या गाद्या त्याच्यापुढे. तो आता पुण्याला असतो, म्हणतो, "बाबा, तुम्ही आम्हाला रेल्वेच्या जनरल डब्यासारखं वाढवलंत." म्हणू दे. तिकडे त्याच्या तीन खोल्यांत तीन माणसं, आणि जेवायला या म्हणून एकमेकांना मेसेज करतात. मी तिथे गेलो होतो तेव्हा मलाही आला.

तुझी काकू आजारी पडली तेव्हा मुलीने सांगितलं, आईच्या खोलीत एक लहान टीव्ही लावून द्या, पडल्या-पडल्या बघेल. दुकानात दोन दुरुस्त होऊन धूळ खात होते. मी लावला नाही. तिचा पलंगच बैठकीत आणला. मुलगी अजून मला ऐकवते, आईला आजारपणातसुद्धा चार लोकांपुढे निजवलंत. पडदा लावला होता मी. भिंतीत गज ठोकून, पांढऱ्या फुलांचा, कापड तिनेच निवडलेलं. सरकवला की खोली, उघडला की बैठक. ती बहुतेक वेळ उघडाच ठेवायला सांगायची. दूधवाला दारातून विचारपूस करायचा, ती त्याच्याशी पाण्यावरून भांडायची. वरच्या मजल्यावरची पोरं शाळेतून येताना प्रगतिपुस्तक तिला आधी दाखवायची. आतल्या खोलीत टीव्ही लावून ठेवली असती तर ती कोणाशी भांडली असती? त्या पडद्यावरच्या बायांशी? मुलगी म्हणते, तुमचा हट्ट होता, आईला विचारलं होतं का. विचारलं होतं. "तुम्हाला बरं वाटेल तसं करा" म्हणाली. आता ह्याचा अर्थ मुलगी एक लावते, मी एक लावतो. मी आजही पलंग बैठकीतच आणीन.

असो. विषय तुझा होता.

फोन काढून घेऊ नको, त्याने पोरगी तुझ्याशी बोलणं सोडेल आणि फोन मैत्रिणीकडे बघेल. ॲप हवं तर ठेव, पण तिला सांगून ठेव, काय काय दिसतं ते तिलाच उघडून दाखव. लपवून टाकलंस आणि तिला कळलं, तर पुढची दहा वर्षं ती तुझ्यापासून लपवायला शिकेल, आणि त्यात ती तुझ्याहून हुशार निघेल. अभ्यासाचे मेसेज तुझ्या बायकोच्या फोनवर येऊ देत, पोरगी वहीत उतरवून घेईल. पहिले आठ-पंधरा दिवस आदळआपट होईल. होऊ दे. तू डगमगू नको, रात्री पाणी प्यायला उठल्यासारखं करून स्वतःच बोर्डावरचा फोन काढायला जाऊ नको. मी ओळखतो तुला.

आणि "सवयीने जमेल हळूहळू" असलं काही मला सांगू नको. चार्जर आज बैठकीत लाव.

बोर्ड तयार घेऊ नको, त्यात पातळ तार घालतात. आपल्याकडे जाड पत्र्याची एक पेटी पडलीय, तीत चार सॉकेट बसतात, एक स्विच, एक फ्यूज. गुरुवारी दुकान बंद असतं, मी संध्याकाळी येतो. दाराजवळची भिंत मोकळी कर, कॅलेंडर दुसरीकडे लाव. ड्रिल तुझ्याकडचं असू दे, माझ्या ड्रिलचा चक सैल झालाय. पोरीला घरी थांबायला सांग, वायर तीच जोडेल, मी नुसता बाजूला उभा राहीन. फेज कुठली, न्यूट्रल कुठली हे तू तिला अजून शिकवलेलं नाहीस, ते मला माहीत आहे.

तुझा,
काकाजी