‘आय ॲम डाउन’ म्हणजे ताप नव्हे

परदेशी साहेबानं ‘नव्या कामात कोण येणार?’ विचारलं, तुम्ही ‘आय विल ट्राय’ लिहिलंत आणि त्यानं दुसऱ्यालाच घेतलं. हौस दांडगी होती, ती इंग्रजीत कशी दाखवायची, हा तुमचा प्रश्न.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं बघतो. ‘आय विल ट्राय’ हा आपला नम्रपणा, त्यांना ती पळवाट वाटते. तिथं ‘काउंट मी इन’ हवं होतं. आपण ‘मला धरा’ म्हणतो ना, तेच.

‘आय ॲम अप फॉर इट’ आणि ‘आय ॲम डाउन फॉर इट’. वर काय नि खाली काय, दोन्हीचा अर्थ ‘तयार हाय की!’ पहिलं ब्रिटिशांकडं जास्त, दुसरं अमेरिकनांचं. पण आपल्यात जपून. पावसाळ्यात आंबोलीला जायचं ठरत होतं, तेव्हा आमच्या नव्या पोरानं ग्रुपवर नुसतं ‘आय ॲम डाउन’ टाकलं. खानापूरच्या मामांनी विचारलं, ‘ताप किती हाय रे?’ आणि गाडीतली त्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकली.

माझा लाडका शब्द ‘स्टोक्ड’. ‘स्टोक’ म्हणजे भट्टीत कोळसा सारणं. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या पोरांनी तो उत्साहासाठी उचलला. भट्टी पेटल्यावर तिच्या तोंडाशी उभं राहवत नाही, तसा आतून तापलेला माणूस. हा अमेरिकन साहेबाला चालेल. इंग्रज असेल तर ‘चफ्ड’, पण तो काम मिळाल्यावर, आनंद झाला म्हणून. आधी नव्हे.

‘क्वाइट’ मात्र टाळाच. ‘क्वाइट गुड’ म्हणजे अमेरिकनाला चांगलंच, इंग्रजाला बहुतेकदा ‘ठीकाय’. एका इंग्रज गिऱ्हाइकानं आमच्या कास्टिंगबद्दल तसं लिहिलं आणि मी हापिसभर कुंदा वाटला. दुसऱ्या दिवशी नाकारलेल्या नगांची यादी आली. कुंद्याचे पैसे माझ्याच खिशातले.

आणखी एक, ‘लुकिंग फॉरवर्ड टु’च्या पुढं ‘वर्किंग’ येतं, ‘वर्क’ नाही. ही चूक मीही कैक वर्षं केली.

साहेब परत विचारेल तेव्हा लिहा, ‘काउंट मी इन, आय वुड लव्ह टु डू धिस!’ उद्गारचिन्ह एकच. तीन टाकलीत तर जत्रेतला भोंगा वाटतो.