‘कन्व्हीनियंट’ माणसं आणि इतर गैरसोयी

चिनी विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणारे आणि चिनी सहकाऱ्यांबरोबर काम करणारे बरेच मराठी वाचक या सदराला प्रश्न पाठवतात. या खेपेला आलेल्या सहा प्रश्नांपैकी पाच एकाच विशेषणाभोवती फिरतात: ‘कन्व्हीनियंट’. मग तेच घेऊन बसू या.

प्रश्न: शेन्झेनच्या टीममधली माझी सहकारी मेलमध्ये लिहिते, ‘आय अ‍ॅम नॉट कन्व्हीनियंट ऑन फ्रायडे.’ अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. नेमकं काय चुकतं? तिला सांगावं का?

तिच्या डोक्यात चिनी शब्द आहे ‘फांगब्येन’, म्हणजे सोयीचं. चिनीत सरळ विचारतात, ‘नी फांगब्येन मा?’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘तू सोयीचा का?’ तिथे माणूसच कर्ता असतो आणि त्यात काही वावगं नाही. इंग्रजीत मात्र कन्व्हीनियंट असते ती वेळ, जागा, वस्तू किंवा व्यवस्था. माणूस येतो ‘फॉर’नंतर. ‘फ्रायडे इज नॉट कन्व्हीनियंट फॉर मी.’

आता मराठी बघा. आपण ‘मी शुक्रवारी सोयीचा नाही’ म्हणत नाही, ‘मला शुक्रवार सोयीचा नाही’ म्हणतो. आपला ‘ला’ आणि इंग्रजीतला ‘फॉर’ इथे एकच काम करतात. म्हणून ही चूक आपल्या हातून सहसा होत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्याची लगेच डोळ्यांत भरते. (फुशारकी नको. ऑफिसच्या ‘कन्व्हेयन्स अलाउन्स’ला, म्हणजे प्रवासभत्त्याला, ‘कन्व्हीनियन्स अलाउन्स’ म्हणणारे आपल्यातच आहेत.)

सांगावं का? सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये तर नाहीच. उत्तरात बरोबर वाक्य लिहून टाका: ‘नो प्रॉब्लेम. इज मंडे कन्व्हीनियंट फॉर यू?’ दोन-तीनदा वाचनात आलं की बहुतेकांना आपोआप कळतं.

आणखी एक. ‘बू फांगब्येन’, म्हणजे ‘सोयीचं नाही’, हा चिनीत नकार देण्याचा सभ्य मार्गही आहे. एखादी माहिती मागितल्यावर ‘इट्स नॉट कन्व्हीनियंट टु से’ असं उत्तर आलं, तर ‘मग कधी सोयीचं पडेल?’ असं विचारू नका. ते ‘नाही’च आहे.

प्रश्न: माझी चीनमधली विद्यार्थिनी नियम पाठ म्हणते आणि पुढच्याच वाक्यात चुकते. काय करू?

नियम बाजूला ठेवा. माझ्या एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं होतं, ‘माय मदर इज व्हेरी कन्व्हीनियंट बिकॉज द सुपरमार्केट इज निअर.’ मी त्याला वाक्य दुरुस्त करून दिलं नाही, एवढंच विचारलं: सोय कोणामुळे झाली, आईमुळे की दुकानामुळे? तो हसला आणि स्वतःच लिहिलं, ‘द सुपरमार्केट इज कन्व्हीनियंट फॉर माय मदर.’ प्रत्येक वाक्याला हा एकच प्रश्न लावायचा. माणसाला कन्व्हीनियंट म्हटलं तर इंग्रज वाचकाला भलतंच वाटतं, हवा तेव्हा वापरून घ्यायचा माणूस.

त्याच्याच जोडीला ‘आय अ‍ॅम डिफिकल्ट टु लर्न इंग्लिश’ आणि ‘आय अ‍ॅम इम्पॉसिबल टु कम’ हीही वाक्यं तपासा. मूळ दुखणं तेच आहे. दोन्हीकडे ‘इट इज’ने सुरुवात करायची सवय लावली की निम्मं काम होतं.

बोलण्यात मात्र हा शब्द जरा औपचारिक वाटतो, हेही तिला सांगा. वेळ ठरवताना लोक ‘डझ ट्यूजडे वर्क फॉर यू?’ असं सहज विचारतात. आपल्या ‘मंगळवारी जमेल का?’च्या जवळचं. आणि ‘मी मोकळी आहे’ म्हणायला ‘आय अ‍ॅम फ्री’ पुरतं. तिथे माणूस कर्ता चालतो, त्यामुळे तिलाही ते सोपं जातं.

प्रश्न: ‘माय ग्रँडफादर्स लेग्ज आर नॉट कन्व्हीनियंट.’ हे काय?

आजोबांना चालायला त्रास होतो. चिनीत पाय, हालचाल, इतकंच काय हातातला पैसासुद्धा ‘गैरसोयीचा’ असू शकतो; पैशाचं तसं म्हटलं तर चणचण आहे असं समजायचं. इंग्रजीत यांपैकी काहीच कन्व्हीनियंट नाही. ‘ही हॅज ट्रबल वॉकिंग’ आणि ‘आय अ‍ॅम शॉर्ट ऑफ मनी’ असं शिकवा.

प्रश्न: शांघायमध्ये जेवताना यजमान ‘आय गो टु कन्व्हीनियंट’ म्हणून उठले. मला वाटलं, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले!

ते स्वच्छतागृहात गेले. ‘फांगब्येन’चा हाही एक अर्थ आहे, चारचौघांत उच्चारायला बरा. इंग्रजीत या विशेषणाचं क्रियापद असं करता येत नाही. ‘एक्सक्यूज मी फॉर अ मोमेंट’ पुरे. पण हसण्याआधी ब्रिटनमधल्या सार्वजनिक शौचालयांवरची जुनी पाटी आठवा: ‘पब्लिक कन्व्हीनियन्सेस’. आणि हायवेवरच्या ढाब्यावर आपल्याकडच्या बायका हळूच काय विचारतात? ‘इथे सोय आहे का?’

या शब्दाचं मूळ मात्र चांगलंच उंचावर आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत आणताना ‘उपाय’ या संस्कृत शब्दासाठी ‘फांगब्येन’ वापरला गेला. म्हणजे समोरच्याची कुवत पाहून त्याला झेपेल अशी शिकवण्याची युक्ती. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीकसूत्राचं चिनी भाषांतर केलं. त्यातल्या दुसऱ्या प्रकरणाचं, उपायकौशल्याचं, नावच ‘फांगब्येन’ आहे. आज त्याच शब्दाला ‘म्येन’ जोडला की दोन-तीन मिनिटांत होणाऱ्या पाकिटातल्या नूडल्स होतात.

प्रश्न: ‘हाऊ कन्व्हीनियंट!’ असं मी विद्यार्थ्याला खोचकपणे म्हटलं. त्याने ‘थँक यू’ म्हटलं!

बिचाऱ्याचं काय चुकलं? ‘फांगब्येन’ला सहसा ही खोच नसते. मराठीत मात्र आयती सोय आहे. ‘सोयीचं’ साधं, पण ‘तो सोयीस्करपणे विसरला’ म्हटलं की कोणी भाबडेपणाने घेत नाही. ‘ही कन्व्हीनियंटली फरगॉट’ अगदी तेच. ‘अ कन्व्हीनियंट एक्सक्यूज’ म्हणजेही सोयीची सबब, जिच्यावर बोलणाऱ्याचा विश्वास नाही. विद्यार्थ्याला आधी ‘फरगॉट’ आणि ‘एक्सक्यूज’ या दोन शब्दांबरोबरचे प्रयोग द्या. नुसत्या आवाजाच्या चढउतारातून ही खोच पकडायला वेळ लागतो.

प्रश्न: विद्यार्थी ‘आय अ‍ॅम अनकम्फर्टेबल’ म्हणून तास सोडून गेला. माझं काही चुकलं का?

बहुधा नाही. ‘वो बू शूफू’ म्हणजे ‘मला बरं वाटत नाही’. त्याचं पोट दुखत असेल. पुढच्या वेळी ‘आय डोन्ट फील वेल’ शिकवा. आज फक्त तब्येत विचारा.