ग्राफीनचं मशीन टाकू का?

प्रश्न: अंबड एमआयडीसीत आमचं रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, बुश-गॅस्केट वगैरे बनवतो. मुलगा एमएस्सी झालाय, त्याच्या ओळखीतला एकजण म्हणतो ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा) बनवायचं मशीन टाका, पुढची दहा वर्षं नॅनोचीच. मार्केटचे मोठमोठे आकडे दाखवले. लोन काढू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मशीनसाठी तर अजिबात नको. आणि एक सांगू, नॅनोच्या धंद्यात तुम्ही आधीपासून आहातच. तुमच्या रबराच्या मिश्रणात जो कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, पडतो, समजा एन-३३० ग्रेड, त्याचा मूळ कण साधारण ३० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असतो आणि १ ते १०० नॅनोमीटर म्हणजे नॅनो. युरोपियन कमिशनने २०१२ साली जगातल्या नॅनोमटेरियलचा अंदाज काढला तो वर्षाला १ कोटी १० लाख टन, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा कार्बन ब्लॅक नि सिलिकाचा, म्हणजे बराचसा टायरचाच माल. त्यामुळे कोणी अब्जावधी डॉलरचा तक्ता दाखवला की पहिलं विचारा, यात काजळी धरलीय का? धरली की आकडा फुगतो, वगळली की एकदम बारीक होतो.

आता ग्राफीन. २००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह या शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून दाखवलं, २०१० मध्ये नोबेल मिळालं, मग जो तो बनवायला लागला. २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी ६० कंपन्यांचा माल तपासला तर बहुतेकांत खरं ग्राफीन १० टक्क्यांच्या आत, निम्म्याच्या वर तर एकाचंही नाही, बाकी सगळी बारीक ग्रॅफाइट पावडर. बनवणारे ढीगभर आणि ठरलेलं गिऱ्हाईक कमी, अशी गत आहे ही. बायरसारख्या बड्या जर्मन कंपनीने जर्मनीत लेव्हरकुसेनला वर्षाला २०० टन कार्बन नॅनोट्यूबचा (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा) प्लांट टाकला होता आणि २०१३ मध्ये त्या धंद्यातून अंगच काढून घेतलं, तिथे आपलं काय!

पण नॅनोट्यूब मेली नाही बरं का, तिला गिऱ्हाईक मिळालं लिथियम बॅटरीत. इलेक्ट्रोडमध्ये वीज खेळवायला ती कार्बन ब्लॅकपेक्षा कमी लागते, मग वाचलेल्या जागेत कामाचं मटेरियल जास्त बसतं. पुढची वाढ मला तरी तिथेच दिसते, पण ती मोठ्या भांडवलवाल्यांची जागा आहे.

तुमची जागा मिक्सिंगमध्ये. नॅनो पावडरचा गोळा होतो, रबरात ती सारखी पसरवणं हेच खरं अवघड काम आणि रबर मळायचं नीडर मशीन, मिल, हात बसलेला माणूस हे सगळं तुमच्याकडे आहेच. पावडर बाहेरून घ्या, मास्टरबॅच (पावडर दाट मिसळलेलं रबर) करून बघा, सॅम्पल आयआयटी मुंबईच्या सैफ या तपासणी केंद्रात टीईएम म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. पोराला त्या कामाला लावा. सध्याच्या एखाद्या कस्टमरने चाचणीची ऑर्डर दिली तरच पुढचा खर्च. आणि ही पावडर हवेत उडते, श्वासातून आत जाते, तर साधा रुमाल बांधून भागणार नाही.

प्रश्न: निफाडला कृषी सेवा केंद्र आहे. नॅनो युरिया, नॅनो डीएपी भरून ठेवू का? भविष्य आहे ना यात?
– एक दुकानदार

उत्तर: भरून ठेवू नका, लागेल तसा आणा. इफ्को या सहकारी खत संस्थेचा नॅनो युरिया २०२१ मध्ये आला, तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली २४० रुपयांना, दावा असा की ४५ किलोच्या गोणीचं काम करते. हिशोब करा, गोणीत नत्र २० किलोच्या वर आणि ४ टक्क्यांच्या त्या पहिल्या बाटलीत जेमतेम २० ग्रॅम! पानातून घेतलेलं नत्र जास्त लागू पडतं हे मान्य, पण हजार पट? लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने दोन वर्षं चाचण्या घेतल्या तर उत्पादन गव्हाचं २१.६ आणि भाताचं १३ टक्क्यांनी घटलेलं निघालं. द्राक्षवाले तर ड्रिपमधून मोजून नत्र देतातच, त्यांना ही बाटली वरची फवारणी म्हणून विका, गोणीला पर्याय म्हणून नको. आणि लिंकिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्या खताबरोबर सक्तीने, गळ्यात मारलेला माल खप म्हणून धरू नका, स्वतःहून मागायला येणारे किती तेवढेच मोजा.