निकेयाचा विश्वासांगीकार (ख्रिस्ती लोक उपासनेत म्हणतात ते श्रद्धेचं निवेदन) 325 सालचाच आहे का?
नाही. नाव निकेयाचं, जिथे 325 मध्ये चर्चची परिषद भरली, पण आज उपासनेत म्हणतात तो मजकूर 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेचा मानला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: 325 चा मजकूर ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढंच म्हणून थांबतो आणि लगेच एरियस या धर्मगुरूच्या, पुत्राबद्दलच्या (म्हणजे येशूबद्दलच्या) मतांना शाप देतो. ‘पुत्र नव्हता अशी एक वेळ होती’ म्हणणारे बाहेर! आत्मा ‘जीवनदाता’, एक बाप्तिस्मा, मृतांचं पुनरुत्थान हे सगळं नंतरचं. 381 चा मानला जाणारा हा मजकूर परिषदेच्या दप्तरात पहिल्यांदा दिसतो तो थेट 451 ला, खाल्सेदोनच्या परिषदेत. आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ निघतो, ही भर तर पश्चिमेकडच्या (लॅटिन) चर्चची. पोप तिसरे लिओ यांना त्यामागचा विचार मान्य होता, तरी त्यांनी भर न घालता मजकूर चांदीच्या पत्र्यांवर कोरून रोममध्ये लावला. 1014 मध्ये ती भर रोमच्या मिस्सेत (मुख्य उपासनेत) शिरलीच.