बटाटा शब्दाचं मूळ गाव

एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: "बटाटा हा शब्द पोर्तुगीज आहे असं सगळीकडे वाचायला मिळतं. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ लिस्बनला राहून आले. ते सांगत होते, की तिथे रताळ्यालाही 'गोड बटाटा' म्हणतात. मग मूळ बटाटा कोणता? आणि काजू, अननस हेही पोर्तुगीजच का?"

ताई, हे तीनही शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरले, एवढं खरं. पण तिन्हींपैकी एकही त्यांच्या घरचा नाही. बटाटा हा तायनो लोकांचा शब्द आणि काजू-अननस हे ब्राझीलच्या तुपी लोकांचे. पोर्तुगीज मधले वाहक. आपल्या कोशांची सवय अशी, की शब्द ज्याच्या हातून मिळाला त्याचं नाव लिहायचं आणि तिथेच थांबायचं. त्यामुळे ज्यांनी तो घडवला ते लोक नोंदीतून गळून जातात. मला ही गोष्ट फार लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तायनो हे कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवरचे लोक. आजचे क्यूबा, हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक, जमैका, पोर्तो रिको, बहामा हा त्यांचा मुलूख. त्यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातून होड्यांनी एकेक बेट ओलांडत वर आले आणि बरोबर आपली शेतीही घेऊन आले. तायनोंच्या शेताला 'कोनुको' म्हणत. आपण सरी-वरंबा काढतो, तसं ते माती ओढून गुडघ्याएवढे गोल ढीग करत आणि त्यांत कंद लावत. ढिगातली माती भुसभुशीत राहते, पाऊस कितीही झाला तरी मुळाशी पाणी साचत नाही आणि कंद काढायला टोकदार काठी पुरते. या कोनुकोत मुख्य पीक कसावा हा पिठूळ कंद. त्याच्या जोडीला मका, भुईमूग, मिरची आणि 'बताता', म्हणजे रताळं.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे: मूळ बटाटा म्हणजे रताळं. लिस्बनचा 'गोड बटाटा' ही त्या जुन्या अर्थाचीच खूण.

आज ज्याला आपण बटाटा म्हणतो, तो कंद तायनोंनी पाहिलेलाही नव्हता. तो हजारो किलोमीटर दूर, अँडीज पर्वतातला. आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका सरोवर आहे. त्या उंच, थंड भागात सात-आठ हजार वर्षांपूर्वी लोकांनी रानटी, कडवट कंदांतून निवडत निवडत हे पीक तयार केलं. तिथल्या केचुआ भाषेत त्याचं नाव 'पापा'. तिथे बटाटा रात्रीच्या कडाक्यात गोठू देतात, दिवसा उन्हात ठेवतात, पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात आणि पुन्हा वाळवतात. असं काही दिवस केलं की हलका, खडखडीत 'चुन्यो' तयार होतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. इंकांची कोठारं याच्यावर भरलेली असत. पुढे पोतोसीच्या चांदीच्या खाणींत सक्तीने राबवलेल्या अँडीजच्या माणसांचं पोटही याच चुन्योवर भरलं जाई. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात आज बटाट्याचे 4 हजारांहून अधिक वाण जपून ठेवलेले आहेत. आपल्याकडे बाजारात त्यातले किती येतात, याचा विचार करून पाहावा.

युरोपात पोचेपर्यंत बताता आणि पापा या दोन नावांची सरमिसळ झाली. स्पेनमध्ये 'पताता' झालं, पोर्तुगालमध्ये 'बटाटा' दोन्ही कंदांना लागलं, इंग्रजीतला 'पोटॅटो'सुद्धा आधी रताळ्यालाच म्हणत. मराठी, कोंकणी आणि गुजरातीने पोर्तुगीज नाव घेतलं. हिंदी-बंगालीने नव्या कंदाला जुनं 'आलू' दिलं. मराठीत रताळ्याला मात्र संस्कृत 'रक्तालु'वरून आलेलं स्वतंत्र नाव मिळालं. त्यामुळे आपल्याकडे बटाटा या शब्दाचा जुना अर्थ पूर्ण पुसला गेला. म्हणजे शब्द कॅरिबियनचा, वस्तू अँडीजची, आणि दोन्ही एकत्र आपल्या कढईत!

आता ज्यांनी हा शब्द दिला त्यांचं काय झालं, ते सांगितल्याशिवाय ही व्युत्पत्ती पुरी होत नाही.

12 ऑक्टोबर 1492 रोजी कोलंबस बहामातल्या गुआनाहानी बेटावर उतरला. आपण आशियाच्या पूर्व टोकाच्या बेटांना लागलो अशी त्याची समजूत, म्हणून तिथल्या माणसांना 'इंडियन' हे नाव पडलं. पुढच्याच वर्षी तो 17 जहाजं घेऊन परत आला आणि हिस्पानिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या भूमीवर, वसाहत मांडली. 1495 च्या सुमारास तिथे कर लागू झाला. सोन्याच्या भागात राहणाऱ्या 14 वर्षांवरच्या प्रत्येक माणसाने दर तीन महिन्यांनी एक घुंगरू भरून सोनं द्यायचं. शिकारी ससाण्याच्या पायाला बांधतात ते हे घुंगरू. स्पॅनिश लोकांनी ते आधी भेट म्हणून वाटले होते आणि तायनोंना त्यांचा आवाज फार आवडला होता. त्याच घुंगरांचं पुढे माप झालं. ओढ्याच्या वाळूत तेवढं सोनं नव्हतंच. लोक डोंगरात पळाले, कोनुको ओस पडले, आणि ज्या बेटावर अन्न मुबलक होतं तिथे दुष्काळ पडला. त्यानंतर माणसंच वाटून देण्याची पद्धत आली: अमुक वसाहतवाल्याला इतके तायनो, खाणीत आणि शेतात राबवायला.

याच बेटावरच्या हारागुआ नावाच्या प्रदेशावर अनाकाओना या राणीची सत्ता होती. 1503 मध्ये गव्हर्नर निकोलास दे ओवांदो सैन्यासह तिच्याकडे आला. तिने त्याचं स्वागत नाचगाण्यांनी केलं. या सामूहिक गीतनृत्याला तायनो 'आरेइतो' म्हणत. पिढ्यांचा इतिहास ते त्यातूनच पाठ ठेवत. ओवांदोने सरदारांना एका घरात कोंडून घर पेटवून दिलं आणि पुढे अनाकाओनाला फाशी दिली. लिपी नसलेल्या समाजात गाणारी माणसं मेली की ग्रंथालयच जळतं.

1514 साली माणसांचं वाटप पुन्हा झालं, तेव्हाच्या नोंदीत संपूर्ण बेटावर सुमारे 26 हजार मूळ रहिवासी उरले होते. 1492 मध्ये ते किती होते यावर अभ्यासकांचे अंदाज काही लाखांपासून त्याच्या कितीतरी वरपर्यंत जातात. पण अगदी कमी अंदाज धरला तरी 22 वर्षांतली ही घट अंगावर येते. नंतर 1518 च्या अखेरीस देवीची साथ आली. सगळा दोष साथीवर टाकणारं लिखाण आजही वाचायला मिळतं, म्हणून हे वर्ष नीट लक्षात ठेवावं: 1514 ची मोजणी साथीच्या आधीची आहे.

तायनो गप्प बसले होते असं मात्र नाही. एन्रिकिल्यो नावाच्या तायनो सरदाराने 1519 पासून बाओरुकोच्या डोंगरात बंड चालू ठेवलं आणि 1533 मध्ये स्पेनच्या राजाला त्याच्याशी तह करावा लागला. स्पॅनिश लोकांतही अंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मगुरूने डिसेंबर 1511 मध्ये सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये वसाहतवाल्यांच्या तोंडावर विचारलं होतं, की ही माणसं नाहीत का?

तायनो भाषा आज कुणाची मातृभाषा नाही. पण लोक समूळ नाहीसे झाले, हे जे सर्रास लिहिलं जातं ते चूक आहे. पोर्तो रिकोतल्या लोकांच्या आईकडून येणाऱ्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचा वंश मूळ रहिवासी स्त्रियांपर्यंत पोचतो असं दिसलं. आणि शब्द तर जगभर आहेत. कनू ही होडी, हॅमॉक हा टांगता झोपाळा, हरिकेन हे वादळ, बार्बेक्यू, इग्वाना: सगळे तायनोंच्या तोंडचे.

आता काजू आणि अननस. हे ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी भाषेतले. तुपीत काजूला 'अकायू' म्हणत आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ होता 'वर्ष'. काजूचा हंगाम वर्षातून एकदा येतो, तेव्हा वय काजूंनी मोजायचं. आपण पावसाळ्यांनी मोजतो, तसंच हे. अननसाला ते 'नाना' म्हणत. पोर्तुगीज दर्यावर्दी पेद्रू आल्वारिश काब्रालचा ताफा 22 एप्रिल 1500 ला ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी पोचला, आणि तोच ताफा त्याच वर्षी सप्टेंबरात कालिकतला. दहा वर्षांनी गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. तुपींच्या फळांना आपल्या किनाऱ्याची वाट अशी मोकळी झाली.

ब्राझीलमध्ये तुपीपासून घडलेली एक बोली दीर्घकाळ घराघरांत आणि बाजारात चाले. पोर्तुगीजांची मुलंसुद्धा ती बोलत. 1757-58 च्या सरकारी आदेशांनी पोर्तुगीज सक्तीची केली आणि ती बोली मागे रेटली. गोव्यात त्याच सत्तेने 1684 मध्ये कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला होता. कोंकणी तगली. तुपीचे शब्द काजूच्या पिशवीवर छापून आपल्या हाती येतात.

टोमॅटो आणि चिकू हे मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून आलेले आहेत, आणि ती भाषा आजही 15 लाखांहून अधिक लोक बोलतात. तंबाखूबद्दल मतभेद आहेत: काही जण तो तायनो मानतात, तर काही जण स्पेनमध्ये आधीपासून असलेल्या एका अरबी वनस्पतीनामाकडे बोट दाखवतात. मिरचीचं उलटंच. वस्तू अमेरिकेची, पण शब्द आपण आपल्या मिऱ्यावरून पाडला.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी करताना ताट एकदा नीट बघा. साबुदाणा हा शब्द मलय 'सागू'वरचा, पण आज आपण भिजत घालतो तो दाणा सेलमकडच्या कारखान्यांत कसाव्याच्या पिठूळ सत्त्वापासून बनतो. हा कसावा तायनोंचं मुख्य अन्न. त्याच्या कडू जातीत विष असतं. ते लोक कंद किसून, वेताच्या विणलेल्या लांब नळीत भरून पिळत, विषारी रस काढून टाकत आणि मातीच्या तव्यावर त्याची भाकरी भाजत. कूट भुईमुगाचं, म्हणजे दक्षिण अमेरिकेचं. बटाटा अँडीजचा. हिरवी मिरची अमेरिकेची. शेजारी रताळ्याचा कीस असेल तर तोही. जिरं आणि तूप तेवढं जुनं आपलं. ज्या अन्नाला आपण सोवळ्यात जागा दिली, ते जवळजवळ सगळं त्या लोकांच्या शेतातलं आहे.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी, की कोशात नोंद करताना 'बटाटा: तायनो बताता, मूळ अर्थ रताळे, स्पॅनिश व पोर्तुगीजमार्गे मराठीत' असं पूर्ण लिहावं. काजू आणि अननस यांच्यापुढे तुपी लिहावं. आणि या लोकांना 'रेड इंडियन' म्हणणं आता सोडावं. ते नाव एका खलाशाच्या चुकीतून निघालं आणि त्याला कातडीचा रंग चिकटवला गेला. तायनो, तुपी, केचुआ ही नावं मराठी जिभेला मुळीच जड नाहीत; सगळ्यांसाठी एक शब्द हवाच असेल तर 'अमेरिकेतले मूळ रहिवासी' म्हणावं.

डोमिनिकन प्रजासत्ताकात खेड्यातला शेतकरी आजही आपल्या लहानशा शेताला कोनुको म्हणतो. बाजारात बटाटा मागताना तो 'पापा' म्हणतो. 'बताता' मागितला तर त्याच्या पिशवीत रताळं पडतं.