वाचकांचे प्रश्न : न दुखणारी गाठ

प्रश्न : माझ्या सासूबाई ५६ वर्षांच्या आहेत. उजव्या स्तनात, काखेच्या बाजूला, सुपारीएवढी गाठ असल्याचे त्यांनी मला गेल्या महिन्यात सांगितले. दवाखान्याचा विषय काढला की ‘दुखत नही, मंग कसाले जावानं दवाखानामा?’ असे म्हणतात आणि कापसाची वेचणी आटोपली की पाहू, एवढ्यावर बोलणे संपवतात. सध्या हळदीचा लेप चालू आहे. थोडे थांबावे का?
(एक वाचक, अमळनेर तालुका)

उत्तर : थांबू नये. सासूबाई ज्या कारणाने निर्धास्त आहेत, त्याच कारणाने मला काळजी वाटते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होऊन दुखतात, त्यामागे बहुतेक वेळा कर्करोग नसतो. वेचणीचे म्हणाल, तर ती दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि फरदड (त्याच झाडांवरचा पुढचा बहर) घेतली की पार उन्हाळ्याच्या तोंडाशी जाते, म्हणजे ‘वेचणीनंतर’ याचा अर्थ कित्येक महिने असा होतो. लेपाने गाठ विरत नाही. वेळ मात्र जातो.

स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, हे त्यांना अवश्य सांगावे. पण पाळी गेल्यानंतर नव्याने आलेली गाठ तपासल्याशिवाय साधी मानू नये. डॉक्टर आधी हाताने दोन्ही स्तन आणि काखा तपासतील, मग मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) व सोनोग्राफी होईल आणि गरज वाटल्यास सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतील. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्यावरच निदान पक्के होते. त्यांना संकोच वाटत असेल तर बाई डॉक्टर मागून घ्याव्यात, त्यात गैर काही नाही. सुरुवात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून करता येईल. पुढील तपासण्यांसाठी जळगाव व धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कातडीला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी जाड होणे, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्त येणे, यांपैकी काही दिसत असेल तर याच आठवड्यात जावे.

लवकर तपासल्याने खरोखर फरक पडतो का, अशी शंका घरातली पुरुषमंडळी काढतील. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले. त्या गटात रोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा ठळक फरक दिसला नाही, हेही नमूद करायला हवे. आपल्या सासूबाई मात्र पन्नाशी ओलांडलेल्या आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. मावशीला ४२व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. मी दरवर्षी मॅमोग्राफी करून घ्यावी का?
(एक शिक्षिका, शहादा)

उत्तर : लगेच दरवर्षी नको. तरुण वयात स्तनातील ऊती दाट असतात, मॅमोग्राफीत त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. म्हणून या वयात काही जाणवल्यास सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. आनुवंशिक कारण शंभरांत पाच ते दहा रुग्णांमध्येच आढळते. तरीही मावशीचे वय कमी होते, त्यामुळे आजी, आई, इतर मावश्या आणि विसरू नये अशा वडिलांकडच्या आत्या, यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, याची यादी करून ती कर्करोगतज्ज्ञांना दाखवावी. जनुकतपासणीची गरज त्यावरून ठरेल. तिशीनंतर स्तनांची तपासणी शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमातही होते. आपल्या आशाताईंकडे चौकशी करावी.

प्रश्न : सुई टोचली की कर्करोग पसरतो, असे सगळे सांगतात. आणि स्तन काढावाच लागतो का?
(एक वाचक, शिंदखेडा)

उत्तर : सुईच्या तपासणीने रोग फोफावत नाही. उलट तो अहवाल हाती नसताना कोणी थेट शस्त्रक्रियेची घाई करत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे, कारण गाठ संप्रेरकांना (हार्मोन्सना) प्रतिसाद देणारी आहे की नाही, आधी औषधे की आधी शस्त्रक्रिया, हे त्याच तुकड्यावरून ठरते. गाठ लहान असताना बऱ्याच जणींच्या बाबतीत तेवढाच भाग काढून पुढे किरणोपचार देता येतात आणि त्यांचे आयुर्मान पूर्ण स्तन काढलेल्यांइतकेच राहते. किरणोपचार काही आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागतात. केंद्र गावापासून लांब असेल तर राहण्याची सोय आधीच पाहून ठेवावी. खर्चासाठी शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे, कारण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे.